पंचवीस आणि पन्नासच्या मध्ये

कर्वेनगर, पुणे
८ जुलै २०२४

सुदर्शनभावोजी यांस,

एकोणीस वर्षांपूर्वी मी तुमच्याशी बोलणार नाही असं म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. म्हणून हे पत्र. फोन करू नका, मी उचलणार नाही.

कर्वेनगरहून वाघोलीला पत्र जायला पाच दिवस लागतील असं पोस्टातला माणूस म्हणाला. माणूस दोन बस बदलून दीड तासात पोचतो. तरी पत्रच बरं. ते मध्ये तोंड घालत नाही.

काम असं आहे. आमची आनंदी एक्केचाळीस वर्षांची झाली, मी एकाहत्तर. तळेगावच्या पुढे मोठ्या वयाच्या मतिमंद बायकांसाठी एक संस्था आहे. मी जाऊन बघून आले. जागा स्वच्छ आहे, भिंतींवर फुलपाखरं चिकटवलेली नाहीत, आणि तिथल्या मुख्य आम्रपालीताई चाळीस वर्षांच्या बाईला ‘बाळा’ म्हणत नाहीत. मला एवढं पुरे. फेब्रुवारीत तिथे एक जागा रिकामी होते आहे. माझ्यामागे आनंदी कुठे राहील, या प्रश्नाला मला मिळालेलं हे एकच उत्तर आहे. त्यांची अट एकच: सरकारी प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के अपंगत्व हवं.

आम्ही प्रमाणपत्र काढलं. पंचवीस टक्के.

ते कसं मोजतात हे सांगते, कारण तुम्ही तीस वर्षं कायदा शिकवलात, पण त्या रांगेत उभे राहिला नसाल. सरकारी रुग्णालयात दिव्यांग कक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. एक माणूस भावाच्या पाठीवर बसून वर चालला होता. त्याचं अपंगत्व पहिल्या मजल्यावरच सिद्ध झालं होतं, पण कागद तिसऱ्यावर मिळतो. अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं, अशी पाटी मात्र जिन्याच्या प्रत्येक वळणावर आहे. शब्द बदलायला लिफ्टवाला लागत नाही.

वर एक तरुण बाई होत्या, मानसशास्त्राच्या. त्यांनी आनंदीला ठोकळे लावायला दिले, चित्रं दाखवली. मग तिला बाहेर बसवून मला विचारलं. स्वतःच्या हाताने जेवते का, केस विंचरते का, बाजारात एकटी जाते का, बसने जाते का. मी जे आहे ते सांगितलं. त्याची बेरीज बहात्तर आली. सत्तरच्या खाली आली असती तर पन्नास टक्के लिहिले असते. सत्तर ते चौऱ्याऐंशीला पंचवीस. पंचवीस आणि पन्नासच्या मध्ये काही नाही. इतकी माणसं जगात जन्माला येतात, पण मधलं माणूस यांना सापडलेलं नाही.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे: या कायद्यात अपंग कुणाला म्हणायचं ते जिथे लिहिलंय, तो मजकूर पाठवा. मराठीतला. सल्ला नको.

माझी तब्येत ठीक आहे.

वहिनी


२९ जुलै २०२४

भावोजी,

कायदा मिळाला. सोबत तुमचा चार पानांचा सल्लाही मिळाला, एक, दोन, तीन असे आकडे घालून. ‘वहिनींना समजेल अशा सोप्या भाषेत लिहितो’ असं सुरुवातीलाच म्हटलं आहेत. तुमचे दादा कॉलेजच्या ग्रंथालयात बाइंडिंगला होते. फाटकी पुस्तकं दुरुस्तीला घरी आणत आणि ती शिवून होईपर्यंत मी वाचत असे. त्यातल्या पुष्कळशा पुस्तकांना शेवटची पानं नव्हती. ज्या बाईने शेवटाशिवाय पुस्तकं समजून घेतली तिला तुमचा कायदा समजतो. त्याला सगळी पानं आहेत.

दुसऱ्या कलमातली व्याख्या मी तीन वेळा वाचली. ती म्हणते, ज्या माणसात दीर्घकाळ टिकणारी उणीव आहे, शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा इंद्रियांची, आणि वाटेतल्या अडथळ्यांशी गाठ पडल्यामुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, तो अपंग. हे ज्याने लिहिलं तो शहाणा माणूस असणार. उणीव माणसात असते, पण अपंगत्व माणूस आणि अडथळा यांच्या मधल्या जागेत असतं, हे त्याला कळलं होतं. मला ते आनंदीला वाढवताना वीस वर्षांनी कळलं.

मग त्याच पानावर दुसऱ्याच कुणीतरी चाळीस टक्के लिहून ठेवले आहेत. ते ज्याने लिहिलं त्याने शेजारचं वाक्य वाचलेलं दिसत नाही. अडथळ्यामुळे माणूस अपंग होतो असं म्हणायचं, आणि मोजायचं फक्त माणसाला. मग अडथळे मोजायला कोण गेलं? कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता लाल दिवा तोडणारे दुचाकीवाले किती टक्के? ती लिफ्ट किती टक्के? तिची बेरीज बहात्तरपेक्षा जास्त भरायची नाही.

आता तुमचा सल्ला. ‘नव्वद दिवसांत अपील करता येतं’ हे उपयोगाचं होतं, त्याबद्दल आभार. पुढचा मुद्दा असा: ‘फेरतपासणीत मुलीला जास्तीत जास्त काय येतं ते सांगू नका, कमीत कमी काय येतं ते सांगा.’ साक्षीदार पढवायला तुम्ही वर्गात शिकवत होता की हे निवृत्तीनंतर सुचलं? मी मुलीला चाळीस वर्षं एकेक गोष्ट शिकवली. वेणी घालायला सहा वर्षं लागली. आता जाऊन म्हणू की वेणी येत नाही?

तुमच्या केदारच्या मुंजीत दोनशे माणसांसमोर, मी पंगतीत वाढत असताना, तुम्ही मला म्हणाला होता, “वहिनी, मुलगी मतिमंद आहे. लाजता कशाला, सर्टिफिकेट काढा.” माझ्या हातात श्रीखंडाचं पातेलं होतं. आनंदी माझ्यामागे चमचा घेऊन उभी होती. मी म्हटलं, आमच्या घरात कुणी मतिमंद नाही, आणि पातेलं तिथेच ठेवून घरी आले. हे तुम्ही विसरला असाल. मी नाही.

अपील करणार आहे. तुमच्या पद्धतीने नाही.

वहिनी


१४ ऑगस्ट २०२४

भावोजी,

अपील देऊन आले. लिफ्ट बंदच आहे. आता तिच्या दारासमोर जुन्या खुर्च्या रचल्या आहेत, म्हणजे चालू व्हायचा प्रश्नच मिटला.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज चाळला आणि विचारलं, पेशंट कुठे आहे? आनंदी माझ्या शेजारीच उभी होती, निळी साडी, दोन वेण्या, हातात पिशवी. मी म्हटलं, ही. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “दिसत नाही हो तशी.”

आनंदी म्हणाली, “तुम्हीपण नाही दिसत.”

मागची रांग हसली. तिला वाटलं आपण चांगलं बोललो, म्हणून तीही हसली. कारकून हसला नाही. त्याने एक झेरॉक्स कमी आहे म्हणून आम्हाला खाली पाठवलं. तीन मजले उतरून तीन मजले चढले. वर आल्यावर मला जिन्यावर जरा बसावं लागलं. आनंदीने तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. हे पुढच्या तपासणीत कुठल्या प्रश्नाखाली येतं ते बघायचं आहे.

तुमचं दुसरं पत्र मिळालं. मी रागावले आहे का, असं विचारलं आहेत. नाही. रागवायला माणसाची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

वहिनी


३० सप्टेंबर २०२४

भावोजी,

फेरतपासणीची तारीख आली, अकरा नोव्हेंबर. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं, तेव्हा एका दमात लिहिते.

आठ दिवस मी अंथरुणात होते. चक्कर आली होती, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काही विशेष नाही. पण त्या आठ दिवसांत आनंदी मंडईत गेली नाही. गेली नाही कारण मी जाऊ शकले नाही. मी जुलैत त्या बाईंना सांगितलं होतं की ती दर गुरुवारी बसने मंडईत जाते, भाजी आणते, परत येते, एकटी. तुम्हालाही लिहिलं की जे आहे ते सांगितलं. ते खरं नाही.

खरं असं आहे. ती घरातून निघाली की मी वीस पावलं मागून निघते. ती बसमध्ये पुढे बसते, मी मागे गर्दीत पदर डोक्यावर घेऊन उभी राहते. मंडईत तुळजाबाई म्हणून भाजीवाली आहे, ती मला सामील आहे. काय द्यायचं ते मी तिला आदल्या दिवशी फोनवर सांगते. आनंदी टोपलीसमोर उभी राहून सगळीकडे बोट दाखवते आणि तुळजाबाई ठरलेलंच पिशवीत भरते. परतताना ती एकदा चुकीच्या बसमध्ये चढली होती. मीही चढले. स्वारगेटला उतरून मी समोरून आल्याचं नाटक केलं, ‘अगं, तू इथे कशी?’

तुमचे दादा होते तोवर मागून तेच चालायचे. कॉलेजला उशीर व्हायचा, बोलणी बसायची, पण गुरुवार चुकवला नाही. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी चालते.

आणि सगळ्यांना सांगते, आमची आनंदी एकटी जाते. सोसायटीत सांगितलं, माझ्या बहिणींना सांगितलं, त्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, अगदी एकटी? मी म्हटलं, अगदी एकटी. ते सांगताना माझी मान किती ताठ होती ते मला आठवतं. त्या ताठ मानेचे तीन गुण आहेत, भावोजी. एकोणसत्तर आणि बहात्तरमधले.

इतके दिवस मी कायद्याला नावं ठेवली. ती अजूनही ठेवते, ती जागच्या जागी बरोबर आहेत. पण पंचवीस टक्के कायद्याने दिले नाहीत. मी दिले. तुम्ही पंगतीत जे म्हणालात ते खोटं नव्हतं, बोलायची जागा आणि रीत गावंढळ होती. आणि मला खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की मला तुमचा राग खरेपणाचा आला की गावंढळपणाचा, हे मी कधी तपासलंच नाही.

याचा अर्थ तुम्ही बरोबर होता असा घेऊ नका. तुम्ही एकदा खरं बोललात आणि जेवायला बसलात. मागून चालायला आला नाहीत.

वहिनी


१८ नोव्हेंबर २०२४

भावोजी,

तपासणी झाली. मी ठरवून गेले होते की ना तुमचं किमान सांगायचं, ना माझं कमाल. जसं आहे तसं.

त्याच बाई होत्या. पण त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कसलीतरी भरती की काय चालू होती, बसायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी आनंदीला आतच बसवलं. मी म्हटलं, तिच्यासमोर नको. त्या म्हणाल्या, आजी, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत. चाळीस वर्षांचा हिशोब दहा मिनिटांत, तोही जिचा तिच्या तोंडावर.

त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. आंघोळ? करते, पाणी मी काढून देते. गॅस? पेटवत नाही, मी पेटवू देत नाही. पैसे? ओळखते, पण किती परत यायला हवेत ते सांगता येत नाही. आनंदी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती. शाळेत मास्तरांसमोर आपल्याच माणसाने चहाडी करावी तशी.

मग त्यांनी विचारलं, बाजारात एकटी जाते?

मी नाही म्हणायच्या आत आनंदी म्हणाली, “जाते की. मंडईत जाते.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, “नाही गं. मी मागून असते. दर वेळी. मी तुला सांगितलं नाही.”

ती म्हणाली, “माहीत आहे मला. तू दमतेस ना, म्हणून मी हळू चालते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. तरुण आहेत, अजून निबर झालेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आजी, हे मी कुठे लिहू?” मी म्हटलं, रकाना असेल तर लिहा. त्यांनी दोन्ही पानं उलटून पाहिली. नव्हता.

काल प्रमाणपत्र आलं. पन्नास टक्के, पिवळ्या पट्टीचं कार्ड. आता कायद्याच्या नजरेत आनंदी जुलैत होती त्याच्या दुप्पट अपंग आहे. मधल्या चार महिन्यांत काय बदललं म्हणाल तर माझं तोंड.

कागद हवा होता, तो मिळाला. पेढे वाटत नाही आहे.

सहा वर्षं मी तिच्यामागून चालले, आणि ती मला सांभाळून नेत होती. हे मी तुम्हाला का सांगते आहे ते मला माहीत नाही. दुसरं कुणी सांगण्यासारखं उरलेलं नाही म्हणून असेल.

वहिनी


९ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

तळेगावला जाऊन आलो. कागद सगळे चालले. आम्रपालीताईंनी फाईल बंद करून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता आनंदीला विचारलं, “तुला इथे राहायचंय का?”

एवढ्या तारखा, एवढ्या खिडक्या, दोन तपासण्या झाल्या. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. कायद्याने नाही, तुम्ही नाही, मी नाही.

आनंदीने खोली पाहिली. खाटेवर बसून पाहिलं. खिडकीतून बाहेर वाफे दिसतात, तिथे दोघी जणी मेथी खुडत होत्या, त्यांना बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “आई आहे तोवर नाही. मग येईन.”

मी तिला ‘मग’बद्दल कधीही काही सांगितलेलं नाही. माझ्या हृदयाची झडप निकामी होत आली आहे आणि ऑपरेशनला मी नाही म्हटलंय, हे तुम्हालाही आज पहिल्यांदा लिहिते आहे. तब्येत ठीक असल्याचं जे लिहीत होते ते तसंच होतं, मंडईसारखं. डॉक्टर वर्षभर म्हणतात, थोडं अलीकडे किंवा पलीकडे. ते पंचवीस आणि पन्नासच्या मधलंही बोलू शकतात, एवढं त्यांचं मला बरं वाटलं.

आत्ताची जागा दुसरीला गेली. आम्रपालीताईंनी आनंदीचं नाव यादीत पहिलं लावलंय, ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी खाट लावू म्हणाल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांनी हे आनंदीला सांगितलं, मला नाही. फक्त एका कागदावर सही लागते: तिला आणून सोडणारे नातेवाईक. मी आनंदीला विचारलं, तुला कोण आणेल? ती म्हणाली, सुदर्शनकाका. का, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. कागद सोबत आहे, जिथे पेन्सिलीची खूण केली आहे तिथे सही करून परत पाठवा. नसेल करायची तर कोराच पाठवा. विचार करतो म्हणून ठेवून घेऊ नका.

त्या दिवशी लक्षात ठेवायच्या गोष्टी लिहिते. ती जिने मोजत चढते, मोठ्याने. मोजू द्या. गाडीत पुढे बसवा, मागे बसली की तिला मळमळतं. तिचं कार्ड, औषधं आणि दोन पातळं कपाटाच्या खालच्या खणात वेगळी ठेवली आहेत. घाई करू नका, मदतही करू नका, ती मागेल तेव्हा करा.

ती तुम्हाला एकदा विचारेल, आई कुठे आहे. तेव्हा ‘आई गावाला गेली आहे’ असं सांगू नका.

तुमचे दादा गेले तेव्हा मी तेच सांगितलं होतं. म्हटलं, हिला काय कळणार. तुम्ही तेराव्याला आलात तेव्हा ती दाराशी पिशवी घेऊन बसलेली तुम्ही पाहिली असेल, बाबा येतील म्हणून. तुमच्याशी बोलायला नको म्हणून मी आत होते, तेव्हा ती तुम्हाला काय म्हणाली ते मला माहीत नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यातली सकाळ. मी चहा गाळत होते. ती स्वयंपाकघरात आली, ओट्यावरचे तीन कप पाहिले, त्यातला एक उचलून तिने परत फळीवर ठेवला, आणि मला म्हणाली, “आई, दोनच कर. बाबा मेलेत.”

वहिनी